खंडेनवमीचे तेल

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

आज घरातल्या सगळ्या लोखंडाला तेल मिळाले. विळे, कुऱ्हाड, फावडी, प्रमिलाची शिलाई मशीन, विहिरीवरची मोटार. वडील होते तेव्हा नांगराच्या फाळापासून सुरुवात व्हायची. आता नांगर नाही. सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ गाडी.

या गाडीला क्लच नाही. साक्रीकडच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हा कंपनीने आपल्या परदेशी साहेबासाठी ही पिकअप आणली होती. काम संपल्यावर ती लिलावात निघाली. माझा डावा पाय मळणी यंत्रात गुडघ्याखाली गेला, त्यानंतर मला चालवता येईल अशी ही एकच गाडी. उजव्या पायाने वेग, उजव्याच पायाने ब्रेक, आणि गिअर ती आपले आपण बदलते. ही बसली तर मीही बसलो. दुसरी कोणतीही पिकअप माझ्या कामाची नाही.

गिअरबॉक्सचे तेल मोजायच्या पट्टीवर बरोबर दिसत होते. पण आजच्या दिवशी कोणतेही लोखंड जुन्या तेलावर ठेवू नये. पारसमलशेठच्या दुकानातून काल गिअरच्या तेलाचा डबा आणून ठेवला होता. पट्टीच्या बारीक नळीतून ते उतरेना, काकवीसारखे दाट. डबा उन्हात ठेवला, लांब नळीचे नरसाळे लावले आणि नाम घेत घेत सगळा डबा रिचवला. मन भरले.

प्रमिलाने स्टिअरिंगला हळदकुंकू लावले. ओवाळताना तिचे लक्ष खाली गेले. "आवो, हाऊ फोड कसाना?" माझ्या उजव्या घोट्याजवळ रुपयाएवढा फोड आला होता. नाल्यावर गाडी धुताना सायलेन्सर लागला असणार. मला पत्ताही नाही. हात कामात आणि चित्त देवात असले की दुखणे बाहेरच थांबते.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

वच्छलाबाईची टोळी कापूस वेचायला नेली. दरवर्षी तिच्या बाया माझ्याच गाडीत बसतात. लिव्हर 'डी'वर, म्हणजे पुढच्या चालीवर, टाकला तर गाडी जागची हलेना. इंजिन ओरडते, चाक फिरत नाही. मग एकदम झटका. तापीकडच्या चढावर तर थांबते, धावते, पुन्हा थांबते.

मागून वच्छलाबाई म्हणाली, "लोटनभाऊ, तुमनी गाडीले उचकी लागनी. कोन याद करी राह्यनं तिले?"

"पवनचक्कीना साहेब," दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो.

रविवार, ५ ऑक्टोबर

हिलालकडे गेलो. दोंडाईच्याला बाजार समितीच्या रस्त्यावर त्याचे गॅरेज आहे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, तोंडाने फाटका, हाताने सरळ. त्याने पट्टी काढली, तेल बोटावर चोळले, वास घेतला.

"भाऊ, काय पाजं हिले?"

"तेल."

"कोनतं?"

"गिअरचे. खंडेनवमीला."

त्याने बोट फडक्याला पुसले. "म्हैसले डिझेल पाजं तुमी. आते दूध कोठेन देई ती?"

त्याने समजावून सांगितले. साध्या गिअरबॉक्समध्ये दाते काम करतात, तेल फक्त त्यांना ओले ठेवते. या पेटीत तेलच काम करते. लाल, पातळ तेल बारीक वाटांमधून दाबाने धावते, आतल्या चकत्या घट्ट धरते, तेव्हा गिअर पडतो. दाट तेल त्या वाटांतून जात नाही. त्यात डबाभर जास्त झाले म्हणून फेस धरला. फेसाला जोर नसतो.

दिवसभर तो गाडीखाली होता. तेल सोडले, जाळी काढली, लाल तेल भरले, इंजिन चालवले, पुन्हा सोडले. असे पाणी स्वच्छ येईपर्यंत भांडे विसळावे तसे केले. मी बाजूला बसून होतो. पारसमलशेठलाही फोन लावून त्याने झाडले. शेठ म्हणाले, "अरे भाई, लोटनभाऊनं गिअर ऑईल मांगलं, मी गिअर ऑईल दिलं. आता गिऱ्हाईकाला कशाला म्हणून विचारायचं का?" त्यांचा दोष नाही. दोष माझा. पूजा म्हणून विष घातले.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

गाडी चांगली चालते. तरी डी वर टाकताना जीव कानात येतो.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज वाईट झाले असते. रेल्वे फाटक बंद होते, रांग लागलेली. हळूहळू पुढे सरकत होतो. पाय ब्रेकवर होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तरी इंजिन आपोआप चढले आणि गाडीने उडी मारली. पुढच्या रिक्षाला टेकता टेकता राहिली. मागच्या बाया एकमेकींवर पडल्या. कोणाला लागले नाही. वच्छलाबाईने उतरून पदर झटकला आणि पुन्हा चढली.

तसाच हिलालकडे गेलो. त्याने स्वतः फाटकापर्यंत चालवून पाहिली, गर्दीत नेली, उतारावर नेली. काही नाही. "भाऊ, मना हातमा ती गाय शे. तुमी बठनात का बैल व्हस. तिना जीव नही तुमनावर."

पेडल पूर्ण दाबले की ही गाडी एक गिअर खाली घेऊन उसळते, त्यासाठी आत एक तार असते. ती ताठरली असेल म्हणून त्याने ती बदलली. मी सांगत होतो की मी पेडल दाबलेच नव्हते. तो म्हणाला, "म्हणीसन तर तार." मला खात्री आहे, त्या दाट तेलाचे काही तरी आत राहिले आहे. केलेले कर्म एका धुण्यात जात नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

समाधान सुरतेहून आला आहे. कापडाच्या गिरणीत रोज मशीनसमोर उभा राहून मुलगा वाळला आहे. सकाळी गाडी घेऊन दोंडाईच्याला गेला, आईला पाटलीणकाकूंकडे सोडून आला, वाटेत पाहुणे बसवले. एकदाही झटका नाही, एकदाही उसळली नाही. "आबा, गाडी तर मस्त शे."

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्याच हाताला का रुसते, हे त्याला विचारता आले नाही.

जेवताना म्हणाला, "आबा, तुमी आते आराम करा. फाटकनी गोट माले मायनी सांगी."

मी म्हणालो, "आराम करून काय करू? ओट्यावर बसून लोकांच्या गाड्या मोजू?"

नंतर चुलीपाशी मायलेक हळू बोलत होते. मी गेलो तर थांबले. मला बाजूला करायचे ठरले असेल तर स्पष्ट सांगावे.

बुधवार, २९ ऑक्टोबर

कार्तिकाचा काकडा सुरू आहे. पहाटे देवळात गेलो. आज अभंगात असा रंगलो की सगळे विसरलो. परत येताना प्रमिला दारात उभी होती. "आवो, चप्पल कोठे शे?" पाहतो तो उजवा पाय अनवाणी. डाव्या, लाकडी पायातला बूट तेवढा होता. देवळापासून घरापर्यंत खडीचा रस्ता. चप्पल वाटेत चिखलात सापडली, तिने शोधून आणली. तळव्याला एक खडा रुतला होता, तोही तिनेच काढला.

संतांनी सांगितलेले देहभान हरपणे ते हेच का? माझ्यासारख्या सातवी शिकलेल्याला ते मिळावे? प्रमिलाला सांगितले तर तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "एक डाव डाक्तरले दखाडा." बायकांना सगळीकडे दुखणेच दिसते. मी दिवसभर प्रसन्न होतो.

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुन्हा. या खेपेला गावातच, पाण्याच्या टाकीजवळ. ब्रेक दाबला तरी गाडी ओढतच होती, जणू कोणी मागून ढकलते आहे. टाकीच्या कठड्याला घासली. बाया अजून बसायच्या होत्या, हे नशीब.

वच्छलाबाईने मला बाजूला घेतले. "भाऊ, तुमी सांगा. बसू का नको बसू?"

मी म्हणालो, "हिलालकडून पेटी उघडून घेतो. तोवर दुसरी गाडी बघा. दुरुस्त झाली की मी बोलवीन."

"तुमी बलावनं का येसूत," ती म्हणाली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

हिलालने गिअरबॉक्स खाली उतरवला. अशी पेटी त्याने आजवर उघडली नव्हती. जमिनीवर पांढरे धोतर अंथरले होते, जुने पण धुतलेले, आणि प्रत्येक तुकडा काढेल त्या क्रमाने त्यावर ठेवत होता. काढताना मोबाइलवर फोटो घेत होता. मी इतका वेळ तिथे होतो, त्याने एकही विनोद केला नाही.

काही चकत्या काळ्या पडल्या होत्या. त्याने मला दाखवल्या. "हाऊ तुमना खंडेनवमीना परसाद." मला लाज वाटली आणि सुटल्यासारखेही वाटले. दोष दिसला. दिसणारा दोष निघतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सामान मुंबईहून यायचे आहे. मी घरी. प्रमिला वच्छलाबाईच्या टोळीबरोबर वेचणीला जाते. पहाटे दुसऱ्याची पिकअप चौकात येते, बाया चढतात, माझी बायको त्यात चढते. मी दारातून बघतो. ड्रायव्हर पोरसवदा आहे, गाणी मोठ्याने लावतो, क्लच सोडताना गाडी हिसकते. कोणी काही म्हणत नाही.

दिवसभर बसून घसा कोरडा पडतो. माठ एकट्याने संपवतो. मोरीत मुंग्या फार झाल्या आहेत, हळद टाकली तरी जात नाहीत. पोथी घेऊन बसलो की अक्षरे पुसट होतात. बसून राहिल्याने माणूस असा गंजतो.

दुपारी पारसमलशेठ स्वतः आले, सामानाचे खोके घेऊन. ओट्यावर बसून पाणी प्यायले. "लोटनभाऊ, मला पण झोप लागत नाही. पुढं कुणी तेल मागितलं तर आधी गाडी दाखव म्हणतो मी. गिऱ्हाईक हसतात." भला माणूस.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पेटी चढली. हिलालने शिरपूर रस्त्यावर गाडी नेली, मला बाजूला बसवले. गिअर कधी बदलतो ते कळत नाही. लोण्यातून सुरी. परत आल्यावर तो हात न धुताच बोनेटवर ठेवून उभा राहिला. पाठ थोपटावी तसा.

उद्या सकाळी नारळ फोडून गाडी न्यायची. वच्छलाबाईला निरोप दिला, सोमवारपासून बसा. सगळे नीट झाले तर माघ महिन्यात बायांना मुक्ताईनगरला दर्शनाला नेईन.

रविवार, २३ नोव्हेंबर

काल लिहिता आले नाही. आज लिहितो, कारण लिहिल्याशिवाय ते डोळ्यांपुढून जात नाही.

गाडी गॅरेजच्या तोंडाशी उभी होती. रस्त्याच्या कडेला, समोरच, कापसाची लोखंडी ट्रॉली लावलेली. हिलालने नारळ फोडला, पाणी बंपरवर शिंपडले. पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबू ठेवायचे, मी गाडी हळूच त्यावरून न्यायची, अशी रीत. इंजिन चालू होते. लिव्हर मी डी वर टाकला होता आणि ब्रेक दाबून धरला होता. एका चाकाखाली लिंबू ठेवून तो दुसऱ्याकडे जात होता, माझ्या समोरून. मान वर करून म्हणाला, "थांबा भाऊ, दुसरं ऱ्हायनं."

गाडी सुटली.

मी ब्रेक आणखी दाबला. जितका दाबला तितकी ती जोरात गेली. हिलाल बंपर आणि ट्रॉलीच्या मध्ये होता. त्याने दोन्ही हात बोनेटवर टेकवले होते, जणू तो तिला मागे ढकलू शकेल. तो ओरडला नाही. माझ्याकडे काचेतून बघत होता. मी लिव्हर ओढून न्यूट्रल केला तेव्हा ती थांबली.

धुळ्याला नेले. डाव्या मांडीचे हाड दोन ठिकाणी, उजव्या गुडघ्याचा चुरा, कंबरेचे हाड. शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, असे डॉक्टर म्हणतात. त्याची बायको सुलक्षणा दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मी समोर उभा राहिलो. तिने विचारले, "गाडी कशी काय सुटनी, भाऊ?"

मी म्हणालो, "गिअरबॉक्स."

तिने मान खाली घातली. गिअरबॉक्स तिच्याच नवऱ्याने बसवला होता.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

हिलालला भेटलो. दोन्ही पाय वर बांधलेले. तोंड एवढेसे झाले आहे. मी काही बोलण्याआधी तोच बोलला.

"भाऊ, मनी चूक. काही तरी उलटं बसाडं मी. पडी पडी सगळा फोटो दखना, सांपडत नही. तुमना मांगे बाया बठेल ऱ्हात्यात तर?"

मी म्हणालो, "तू कशाला असे बोलतोस."

"मनी चूक, भाऊ. माफ करा."

माझे पाय त्याला धरता आले नाहीत म्हणून त्याने हात जोडले. मी त्याचे हात धरले आणि बाहेर आलो. त्याला माफ केले असे मी म्हणालो नाही. चूक नाही असेही म्हणालो नाही. मी ब्रेकच दाबला होता. विठोबाची शपथ.

मंगळवार, २ डिसेंबर

सरकारी तपासणीवाल्यांनी गाडी पाहिली. ब्रेक ठीक, पेटी ठीक, तार ठीक, असा शेरा. गावात कोणाला पटले नाही. "साहेबले काय समजस बिनक्लचनं? हिलालनी पेटी उघाडी तठेच बिघाड व्हयना," असे चौकात बोलतात. हिलालच्या गॅरेजात दुरुस्तीला आलेल्या दोन गाड्या लोक ओढून दुसरीकडे घेऊन गेले. एक ट्रॅक्टर होता, त्याचे नुसते पंक्चर होते.

मी चौकातून जाताना लोक जागा देतात. "भाऊ, तुमना काय दोष. तुमी देवमाणूस." मला बरे वाटायचे. आता वाटत नाही, का ते कळत नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

संध्याकाळी प्रमिला वेचणीहून आली. मी वावरातून आलो होतो. तिने घरात पाहिले आणि विचारले, "हाई रंगत कोनं शे?" दारापासून खाटेपर्यंत जमिनीवर रक्ताचे ठिपके होते. माझे होते. उजव्या टाचेत बाभळीचा काटा, बोटाच्या पेराएवढा, आत मोडलेला. त्यावर मी वावरातून घरापर्यंत चाललो होतो.

ती पाय मांडीवर घेऊन बसली. चिमट्याने काटा ओढला, बराच आत खणावे लागले. मी पोथीतले पान शोधत होतो. ती थांबली. "आवो, दुखत नही?"

"नाही."

तिने चिमट्याचे टोक बोटांच्या मध्ये दाबले. "आते?"

"काय आता?"

ती रडू लागली. मी तिला म्हणालो, काटा निघाला ना, आता कशाला. तिने पदराने माझा पाय पुसला आणि म्हणाली, सोमवारी आपण धुळ्याला जायचे, आणि तुम्ही काही बोलायचे नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

धुळ्यात देवपूरला एका डॉक्टरकडे गेलो. तरुण मुलगा, मला काका म्हणत होता. आधी रक्त घेतले. साखर फार आहे, कित्येक वर्षांची असणार, म्हणाला. मग पाय समोरच्या स्टुलावर ठेवायला सांगितला. त्याच्या हातात काडीला लावलेला एक जाड नायलॉनचा दोरा होता.

"काका, डोळे मिटा. मी टोचलं की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. शांत बसलो. बाहेर कॉलेजच्या पोरांच्या मोटारसायकली जात होत्या. बराच वेळ गेला तेव्हा म्हणालो, "डॉक्टर, सुरू करा."

"झालं, काका," तो म्हणाला.

डोळे उघडले तर प्रमिला भिंतीकडे तोंड करून उभी होती.

त्याने हळू आवाजात सांगितले की पायाच्या जाणिवेच्या नसा मेल्या आहेत. पाय कुठे आहे, किती दाबतो आहे, ते आता डोक्याला कळत नाही. मी विचारले, "ब्रेकवर पाय ठेवला आणि तो दुसऱ्या पेडलवर असला, तर मला कळेल?"

"नाही कळणार. तुम्ही अजून दाबत राहाल." मग त्याने विचारले, "तुम्ही गाडी चालवता का?"

बसमध्ये प्रमिलाने खिडकीजवळ बसवले. पांझरेचा पूल गेला. मला काकड्याची ती पहाट आठवली. अनवाणी चालत आलो आणि कळले नाही, ते नामामुळे असे समजलो होतो. त्या दिवशी किती प्रसन्न होतो. देवासमोर उभे राहून मी कशाबद्दल आभार मानले?

खंडेनवमीच्या तेलाने चकत्या जळल्या, ते खरे. पण ते पहिल्याच आठवड्यात धुऊन निघाले होते. त्यानंतरचे सगळे माझे. मी एका तेलाच्या डब्याला धरून बसलो, कारण तो दोष भक्तीत झालेला होता आणि तो सोसायला मला आवडत होता.

मंगळवार, ९ डिसेंबर

हिलालला घरी आणले आहे. सुलक्षणाने दार उघडले. मी खाटेजवळ खाली जमिनीवर बसलो आणि सांगितले. डॉक्टरचा दोरा, काटा, फाटक, टाकी, सगळे. सुलक्षणा दारात उभी राहून ऐकत होती.

हिलाल आढ्याकडे बघत होता. तसाच बघत म्हणाला, "मंग पेटी बराबर व्हती?"

"बरोबर होती."

"त्या दिन डी वर टाकी तवय झटका लागना का?"

"नाही."

"जराबी?"

"लोण्यासारखी गेली."

त्याने डोळे मिटले. त्याच्या कानशिलांवरून पाणी उशीवर गेले. माझ्यावर तो रागावला नाही. पाय मोडले त्याबद्दल एक शब्दही नाही. "बराबर व्हती," एवढेच दोनदा म्हणाला. मी त्याच्याकडून शिव्या घ्यायला गेलो होतो.

सुलक्षणा पुढे आली. "त्यासले सांगं ते बेस करं. आते गावले सांगा. त्यासना हातले कोनी गाडी दी नही राह्यनं." मग म्हणाली, "आनि उठा. आठे जास्ती बसू नका." मी उठलो.

सोमवार, १५ डिसेंबर. एकादशी

पोलिसांकडे जबाब दिला. पुढे काय ते होईल. गाडीची किल्ली प्रमिलाने तांदळाच्या डब्यात ठेवली आहे.

संध्याकाळी देवळात भजन होते. सगळे गाव होते, वच्छलाबाई आणि तिच्या बायाही होत्या. अभंग संपल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितले, हिलालची काही चूक नाही, चूक माझ्या पायाची.

झुलालबाबा आमच्या भजनाचे म्होरके, वय झालेले. ते वीणा सांभाळत म्हणाले, "लोटन, बठ खाले. हिलालना पोटासाठे तू हाई बोली राह्यना, आमले समजत नही का? तुना मन मोठं शे." लोक माना डोलवू लागले. एकाने माझ्या पायाला हात लावून कपाळाला लावला. इतकी वर्षे गळ्यात माळ घालून जे नाव मिळवले, ते आज माझ्या तोंडावर हात ठेवून बसले होते.

मी वच्छलाबाईपुढे जाऊन बसलो. वेचणीच्या बाया काटा काढायला बांगडीत पिन ठेवतात. म्हणालो, "अक्का, पिन काढा. टोचा."

"काहीतरी काय भाऊ."

"मी देवाकडे बघतो. तुम्ही टोचा आणि मला सांगू नका."

मी तोंड फिरवले. विठोबाच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. आज त्याला काही मागितले नाही. एका बाईने "मायबाई" म्हटले. कोणाचे तरी पोर रडू लागले आणि त्याला बाहेर नेले. तेव्हा मी वळून पाहिले. तळवा लाल झाला होता, पिन टाचेत अर्धी होती आणि वच्छलाबाईने हात मागे घेतला होता. झुलालबाबांनी वीणा खाली ठेवली.

आता कोणी मला देवमाणूस म्हटले नाही.

वच्छलाबाईने पिन काढली, लुगड्याला पुसली. तिच्या बाया तिच्या मागे एका ओळीत बसल्या होत्या, त्यांत माझी प्रमिलाही होती. वच्छलाबाईने वळून त्या सगळ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "इतला दिन आम्ही मांगे बठेल व्हतूत."